नवी पेठेतली बिनपाटीची मेस: पाच वर्षं जेवल्यानंतर

पुण्यात गांजवे चौकात उतरा आणि पाठीला सॅक, हातात पाण्याची बाटली असलेल्या कुठल्याही पोराला विचारा, काकूंची मेस कुठंय. तो उलट विचारेल, ‘कोणत्या काकू?’ नवी पेठेत काकू पुष्कळ आहेत. ‘वाड्यातल्या, पेपरवाल्या’ म्हणा, म्हणजे तो बोळ दाखवेल. पाटी नाही. जिना लाकडी आणि अंधारा, अकरावी पायरी हलते. मेसचं नाव मी लपवत नाहीये, तिला नावच नाही.

मी परभणी जिल्ह्यातली. २०२१ च्या फेब्रुवारीपासून इथं जेवतेय. पहिली चार वर्षं दोन्ही वेळ, लोकसेवा आयोगाच्या परीक्षांची तयारी करणारी मेंबर म्हणून. दोनदा मुख्य परीक्षेपर्यंत गेले, यादीत नाव आलं नाही. आता कोथरूडला एका सीएच्या ऑफिसात आहे. राहते अजून इथंच, पण स्वयंपाकाची सोय असल्यामुळे मेसला फक्त रविवारी किंवा सुट्टीला जाते, गेस्ट म्हणून.

आधी जेवण. दोन वेळचे महिन्याला ३,२०० रुपये, गेस्ट थाळी ९०, रविवारची फीस्ट १३०. चपाती-भात हवा तेवढा, भाजी दोनदा. मटकीची उसळ उत्तम, कारण काकू मोड घरीच आणतात. बुधवारी रात्री पिठलं-भाकरी-ठेचा असतो, त्या दिवशी नऊनंतर गेलात तर भाकरी संपलेली असते आणि चूक तुमची असते. शनिवारचा फ्लॉवर-बटाटा रस्सा टाळा. वरण पातळ. इतकं पातळ की वाटीतून सांडलं तर थेट समोरच्याच्या ताटाकडे निघतं. सोडा नाही, डालडा नाही, पाच वर्षांत पोट एकदाही बिघडलं नाही. आपलं ताट आपण घासायचं, मुलगा असो की मुलगी. पहिल्या आठवड्यात निम्मी मुलं ताट टेबलावर ठेवून उठतात आणि काकू तेच ताट, खरकट्यासकट, रात्री त्यांच्यापुढे परत ठेवतात. सावित्रीबाईंवर दीडशे शब्द न अडखळता लिहिणारा एक जण तीन महिने धाकट्या रूममेटला वीस रुपये देऊन ताट घासून घेत होता. आता तो नायब तहसीलदार आहे.

पण ही मेस लोक शोधत येतात ते पेपरसाठी. काका रोज तीन मराठी आणि एक इंग्रजी पेपर घेतात. खिडकीजवळचं लांब टेबल पेपरचं. चालू घडामोडी तिथंच होतात, आणि त्यावरची भांडणंही. (अग्रलेखाचं पान दुपारी दोननंतर जागेवर मिळेल ही आशा ठेवू नका. कोण फाडतं ते पाच वर्षांत कळलं नाही.) टेबलाच्या वर भिंतीवर काकांच्या अक्षरात पुठ्ठा लावलाय: ‘जेवताना आरक्षण, कट-ऑफ आणि लग्न हे विषय काढू नयेत.’

लग्नाचं कलम मुलींच्या मागणीवरून आलं. ‘आणखी एकच अटेम्प्ट’ असं वडिलांना फोनवर सांगून जेवायला बसलेल्या मुलीला शेजारी कुणी ‘घरचे काय म्हणतात?’ विचारलं तर घास उतरत नाही. आरक्षणाचं कलम २०२४ च्या फेब्रुवारीतलं. मराठा समाजाला दहा टक्क्यांचा कायदा झाला त्या आठवड्यात, एकाच खोलीत राहणारे, एकाच बसनं गावाला जाणारे दोघं जण या टेबलावर एकमेकांच्या ताटांवरून ओरडले. एक जण पलीकडच्या गल्लीतल्या मेसला निघून गेला. महिन्यानं परत आला. मन बदललं म्हणून नाही, तिथल्या भाजीत सोडा असतो म्हणून. आता दोघं वेगवेगळ्या टेबलांवर बसतात. पुठ्ठ्यामुळे शांतता आहे. समेट झाला असं मी म्हणणार नाही.

बाहेरचे लोक म्हणतात, हल्लीच्या पोरांना राजकारणात रस नाही. त्यांनी एकदा या टेबलावर दुपारी दीडला बसून दाखवावं. एकदा काकू सहज म्हणाल्या, ‘आमच्या वेळी मत द्यायला एकवीस पूर्ण लागायची.’ लगेच तिघं एकदम: एकसष्टावी घटनादुरुस्ती, कलम ३२६, २८ मार्च १९८९ पासून अठरा! काकू म्हणाल्या, ‘बरं बाळांनो. मग तुमच्यातल्या कितींनी दिलं?’ त्यावर टेबलावर एकदम भाताची मागणी वाढली.

मीही त्यातलीच, म्हणून कारण सांगते. आमची नावं गावच्या मतदारयादीत असतात. इथं कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतल्या एका खाटेचं भाडं देऊन राहतो, मालक भाडेकरार करत नाही, आधारवर गावचा पत्ता. बरं, कागद जमवून फॉर्म ८ भरून नाव पुण्यात आणायचं म्हटलं, तर घरून फोन येतो. माझे वडील म्हणाले होते, ‘नाव काढू नको बाई. ग्रामपंचायतीला माणूस एका मतानं पडतो.’ हे खोटं नाही. आमच्या वॉर्डात एकदा चिठ्ठी टाकावी लागली होती. म्हणजे नाव गावात आणि आम्ही इथं, रात्रभराच्या प्रवासावर. याला उदासीनता म्हणायचं की हिशेब, ते तुम्ही ठरवा.

इथं काकांचा एक नियम येतो, जो मला दुसऱ्या कुठल्या मेसमध्ये दिसला नाही. एरवी खाड्यांच्या बाबतीत ही मेस कंजूस आहे. सलग चार दिवस जेवला नाहीत, तेही आधी सांगून, तरच पैसे वळते होतात. पण मतदानाला गावी गेलात आणि येऊन शाईचं बोट दाखवलंत, तर दोन दिवसांचाही खाडा धरतात. वहीत वेगळी खूण: म.खा. मतदानाचा खाडा.

२०२४ च्या नोव्हेंबरात त्याची परीक्षा झाली. विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबरला. आणि एप्रिलपासून पुढे सरकत आलेली राज्यसेवेची पूर्वपरीक्षा १ डिसेंबरला. मध्ये अकरा दिवस. दोन दिवस प्रवासात घालवायचे म्हणजे इतिहासाची एक पूर्ण रिव्हिजन गेली. टेबलावर आठवडाभर हाच वाद. शेवटी अडतीस मेंबरांपैकी सतरा गेले. त्यातले सहा जण कुठल्याशा उमेदवारानं पाठवलेल्या गाडीनं. पुण्यातल्या पोरांना उचलायला अशा गाड्या निवडणुकीच्या आदल्या रात्री येतात, हे गावाकडच्यांना नवीन नाही. वाटेत ढाब्यावर जेवण, चहा, पहाटे दारात. परत आल्यावर मी त्यातल्या एकाला विचारलं, मग त्यालाच दिलं का? तो म्हणाला, ‘ताई, गाडीला डिझेल त्याचं होतं. गुप्त मतदान कशासाठी शिकलो?’ काकांनी सतराच्या सतरा जणांना म.खा. दिला. गाडीवाल्या सहा जणांना द्यावा की नाही यावर काकूंशी त्यांचं वाजलं, पण दिला.

आमच्या पिढीचा रस्त्यावर मात्र विश्वास आहे आणि तो याच भागात तयार झालाय. मी मेसमध्ये येऊन महिना होत नाही तोच, ११ मार्च २०२१ ला, तीन दिवसांवर आलेली पूर्वपरीक्षा आयोगानं पुढे ढकलल्याचं पत्रक निघालं. आम्ही ताटं तशीच टाकून शास्त्री रस्त्यावर जाऊन बसलो. आयुष्यात पहिल्यांदा रस्त्यावर बसले होते. पोलीस काय करतील याच्यापेक्षा बाबांनी टीव्हीवर पाहिलं तर काय, याची भीती जास्त. दुसऱ्या दिवशी २१ मार्च ही नवी तारीख आली. २०२३ मध्ये मुख्य परीक्षेचा नवा वर्णनात्मक (उत्तरं लिहायचा) पॅटर्न लगेच नको, २०२५ पासून लावा म्हणून बसले, ते झालं. २०२४ च्या ऑगस्टमध्ये २५ तारखेला आयोगाची आणि बँकेची परीक्षा एकाच दिवशी आली. पोरं २० तारखेच्या रात्रीपासून पावसापाण्यात बसली, २२ ला परीक्षा पुढे गेली. त्या दोन रात्री काकूंनी पातेलंभर पोहे खाली रस्त्यावर पाठवले, बिल लावलं नाही. जो पक्ष विरोधात असेल त्याचे नेते भेटून जात, आणि पोरं भाषण ऐकून घेत, फोटोही काढू देत, पण माईक सोडत नसत.

यातून आम्ही शिकलो ते काय? टेबलावर ऐकलेलं वाक्य तसंच देते: ‘मत देऊन पाच वर्षांत जे होत नाही, ते इथं दोन दिवसांत झालं.’ मला हे तेव्हा पटलं होतं. आता तेवढं पटत नाही. तारीख बदलून मिळाली, म्हणजे नोकरी मिळाली असं नाही. आणि रस्त्यावर बसलेल्यांत आमच्याशिवाय कुणी नव्हतं. आम्हीही दुसऱ्या कुणासाठी बसलो नव्हतो.

दुसरं एक मत या टेबलावर इतकं घट्ट आहे की त्याविरुद्ध बोललं तर लोक चमचा थांबवून बघतात. पुणे महापालिकेची मुदत १४ मार्च २०२२ ला संपली. राज्यघटनेचं कलम २४३ यू सगळ्यांना पाठ: मुदत संपायच्या आत निवडणूक. प्रत्यक्षात जवळजवळ चार वर्षं प्रशासक. मी एकदा म्हटलं, हे कसं चालतं? तर उत्तर: ‘काय बिघडलं? कचरा उचलला जातोय. एक चांगला आयुक्त शंभर नगरसेवकांना भारी.’ हे बोलणारा मुलगा हुशार होता, मनाचाही चांगला. पण इथं जेवणारा प्रत्येक जण मनातल्या मनात तहसीलदाराच्या नाहीतर डीवायएसपीच्या खुर्चीत बसून पेपर वाचतो. निवडून आलेला माणूस त्याला फायलीतला अडथळा वाटतो. मी चार वर्षं तशीच वाचत होते. यादीत नाव आलं नाही, नोकरी लागली, आणि बोळातला दिवा दोन महिने बंद राहिला तेव्हा पहिल्यांदा मला कळलं की माझ्याकडे खुर्ची नाही आणि इथं मतही नाही. त्या महिन्यात मालकाच्या मागे लागून रीतसर भाडेकरार केला आणि फॉर्म ८ भरला. वडील आठ दिवस नीट बोलले नाहीत.

२०२६ च्या जानेवारीत महापालिकेच्या निवडणुकीत एक उमेदवार प्रचाराला मेसमध्ये आले. भर दुपारी, खोलीत तीस जण जेवतायत, हे पाहून त्यांचा चेहरा खुलला. ‘युवाशक्ती’ असा शब्दही काढला. अभ्यासिकांना एकच जिना आहे, आग लागली तर काय, असं एका मुलीनं विचारलं. ते उत्तर द्यायला लागले, आणि बरोबरच्या कार्यकर्त्यानं मध्येच विचारलं, ‘इथल्या यादीत किती जण आहात?’ माझा आणि आणखी एकाचा हात वर गेला. उमेदवारांचं वाक्य तिथंच संपलं. नमस्कार झाला. कार्यकर्त्यानं टेबलावर ठेवलेल्या पत्रकांचा गठ्ठा उचलला, वरची दोन ठेवली. इतका चोख हिशेब मी आमच्या सीएच्या ऑफिसातही पाहिला नाही.

ती मुलगी २००३ ची, यवतमाळची. तिला त्या दिवसापासून काय झालं माहीत नाही, ती अभ्यासिकेतल्या मुलींचे भाडेकरार करून घ्यायच्या मागे लागलीय. आत्तापर्यंत चार झालेत. पेपरच्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये कोरे फॉर्म ठेवलेत, हवे असतील तर मागा. काकांना विचारू नका, ते म्हणतात आधी ताट घासा.

तर एकूण: जेवणाला पाचपैकी साडेतीन, वरण सुधारलं तर चार. स्वच्छता चांगली, मोरीजवळचा नळ सोडून. एकटीनं रात्री साडेनऊला यायला सुरक्षित, पण मोबाइलचा टॉर्च लावा. शांतपणे जेवायचं असेल तर साडेबाराला या, वाद ऐकायचा असेल तर दीडला. नव्या मेंबरला एक महिन्याचं डिपॉझिट, ते सोडताना परत मिळतं.

१५ जानेवारीला गुरुवार होता, सुट्टी. सकाळी मतदान केलं, प्रभागात चार जागा म्हणून चार वेळा बटण दाबलं, आणि तसंच मेसला गेले. आदल्या दिवशीच्या संक्रांतीच्या गुळपोळ्या शिल्लक होत्या. जेवून झाल्यावर काकांच्या पुढ्यात बोट धरलं. त्यांनी चष्मा वर करून शाई नीट पाहिली, वही उघडली, मिटली. म्हणाले, ‘खाडा गावाला जाणाऱ्याला असतो. तू तर चालत जाऊन आलीस.’ आणि गेस्ट थाळीचे नव्वद रुपये घेतले. गुळपोळीचे वेगळे.