सम की खुडी? जैसलमेरच्या वाळूतली एक संध्याकाळ

डिसेंबर जवळ आला की ओळखीतल्या कुणाचा तरी फोन येतोच. जैसलमेरची तिकिटं काढून झालेली असतात, किल्ला आणि पटवांची हवेली यादीत असते, घोडं अडलेलं असतं ते एका संध्याकाळीपाशी. उंट, जीप, जेवण, नाचगाणं हे सगळं समच्या वाळूत करायचं की खुडीच्या?

मी दोन्हीकडे जाऊन आलोय. समला 2019 च्या डिसेंबरात, अण्णा-आईंपासून भावाच्या धाकट्यापर्यंत अकरा जणांचं लटांबर घेऊन. खुडीला 2023 च्या जानेवारीत, मी, बायको आणि मुलगी, बस्स. त्यामुळे तुलना तशी बरोबरीची नाही. लग्नाच्या पंगतीची आणि घरच्या ताटाची करावी तशी आहे. तरी माझं माप कुठे झुकतं ते लपून राहणार नाही, म्हणून आधीच कबूल करून टाकतो: मी दोन्ही बाजू मांडायचा प्रयत्न करीन, पण जमेलच असं नाही.

अंतराचा मुद्दा निकालात काढू. दोन्ही ठिकाणं जैसलमेरपासून 40-45 किलोमीटरवर, सम पश्चिमेला, खुडी नैर्ऋत्येला. गाडीने तासभर. फरक आहे तो वाटेत. समला जाताना जरा आत वळलं की कुलधरा लागतं, पालीवाल ब्राह्मण सोडून गेले ते गाव. ड्रायव्हर हटकून तिथे नेतो आणि एका रात्रीत गाव कसं ओस पडलं ते रंगवून सांगतो. आम्ही त्या पडक्या भिंतींत रमलो, भावाच्या पोराने घराघरांत भूत शोधलं, आणि समला पोचेपर्यंत पाच वाजून गेले. त्या दिवसांत सूर्य सहाच्या सुमारास बुडतो. कॅम्पवाल्यांनी टिळा लावला, दारात ढोल वाजवला आणि पाण्याचा घोट घशाखाली उतरायच्या आत आम्हाला उंटांकडे पिटाळलं. तेव्हा कुलधरा सकाळी उरका, नाहीतर दुसऱ्या दिवशी परतताना बघा. खुडीच्या वाटेवर आम्हाला असं काही अडवणारं भेटलं नाही. पवनचक्क्या दिसल्या तशी बायको म्हणाली, "चाळकेवाडीला आलो की काय?" तेवढंच.

सवारीच्या बाबतीत सम पुढे आहे, यात वाद नको. वाळूची टेकाडं मोठी आहेत. उघड्या जीपमध्ये मागे दांडा धरून उभं राहायचं, गाडी कड्यावर जाऊन क्षणभर थांबते आणि मग नाक खाली करून सुटते. वहिनींनी पहिल्या उतारालाच अंबाबाईचा धावा केला, त्यांच्या पोराला मात्र आणखी दोन फेऱ्या हव्या होत्या. चारचाकी बाइक आहेत, जीपला दोर बांधून छत्रीने उडवणारे आहेत. आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात मोलाची सोय म्हणजे उंटगाडी. अण्णांचे गुडघे तेव्हाच बोलायला लागले होते. उंटाच्या पाठीवर चढणं त्यांना शक्यच नव्हतं. गाडीवर गादी टाकून आई-अण्णा ऐटीत बसले आणि आमच्या आधी वाळूवर पोचले. खुडीला आमच्या कॅम्पवर उंटगाडी नव्हती. अण्णा बरोबर असते तर त्यांना खाटेवर बसून आमची वाट बघावी लागली असती.

खुडीची जीप म्हणजे वीस मिनिटांचा मामला. टेकाडं बुटकी, पट्टाही लहान. मुलगी उतरून म्हणाली, "एवढंच?"

उंटाचं मात्र उलट आहे. समला उंटाची फेरी म्हणजे जत्रेतल्या घोड्याची फेरी: पंधरा-वीस मिनिटं, वाळूपर्यंत नेतात, सूर्य दाखवतात, परत आणतात. वाटेत चहावाला, मॅगीवाला, पेटी-ढोलक घेतलेली पोरं, "साब, एक गाना?" सूर्यास्ताच्या वेळी त्या टेकाडावर एवढी माणसं होती की गिरगाव चौपाटीवर उभं राहिल्यासारखं वाटलं. खुडीला आम्ही कॅम्पच्या दारातून उंटावर बसलो ते जवळपास तासाभराने उतरलो. उंटवाला दोरी धरून पुढे चालत होता आणि दिसेल त्या झुडपाचं नाव सांगत होता. हा आक. बघतो तर आपली रुई, शनिवारी मारुतीला पानांची माळ घालतो तीच. ही खेजडी. म्हणजे आपली शमी. हिच्या पानांशी आपला संबंध गणपतीपुरता, तिकडे हिच्या शेंगांची भाजी होते. रात्री ताटात केर-सांगरी आली तेव्हा मुलीने सांगरी काट्याने उचलून नीट बघितली. शमीच्या शेंगा खातोय हे तिला पटेना.

(उंटावर बसणार असाल तर एक लक्षात ठेवा. उठताना तो मागचे पाय आधी सरळ करतो, त्यामुळे आपण पुढे कोसळल्यासारखे होतो. तो हलायला लागला की मागे रेला. माझ्या भावाने समला उंटाच्या मानेला मिठी मारली होती, त्याचा फोटो अजून घरच्या ग्रुपवर फिरतो.)

उंटवाल्याने गाव विचारलं. मी मूळचा सोलापूरचा. त्याला सोलापूर ठाऊक असायचं कारण नव्हतं, पण आमच्याकडेही माळढोक होता म्हटल्यावर तो थांबला. माळढोक म्हणजे त्यांचा गोडावण, राजस्थानचा राज्यपक्षी. आमच्या नान्नजला 1979 साली त्याच्यासाठी अभयारण्य झालं. शाळेच्या सहलीत मी तो लांबून, दुर्बिणीतून, एकदाच बघितला. आता तिथे तो दिसेनासाच झालाय. जैसलमेर आणि बाडमेर मिळून 3,162 चौरस किलोमीटरचं मरू राष्ट्रीय उद्यान आहे आणि समला या पक्ष्याचं प्रजनन केंद्र चालतं. संध्याकाळच्या सहलीत तो दिसेल अशी आशा धरू नका. पवनचक्क्यांच्या आणि विजेच्या तारांवर आपटून हे पक्षी मरतात, हे तो उंटवाला मघाशी बघितलेल्या पात्यांकडे हात करून सांगत होता. मग ती पाती बघायला तेवढी मजा आली नाही.

जेवणाचं फार सांगण्यासारखं नाही. दोन्हीकडे दाल-बाटी-चुरमा, गट्टे, कढी, लसणाची चटणी. समला बुफे होता आणि पोरांसाठी नूडल्स नि पनीरही होतं, ज्यावर आमचा अर्धा गोतावळा जगला. खुडीला जे होतं ते होतं. पण चुलीवरची बाजरीची भाकरी घरातली बाई एकेक करून आणून वाढत होती, वर तुपाची धार. आमच्याकडच्या कडक भाकरीच्या अगदी उलट, मऊ आणि जाड. मी चार खाल्ल्या. उशीर मात्र होतो. साडेनऊपर्यंत पोटात कावळे ओरडत होते.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते.

समच्या कॅम्पात मधे चौक, त्याच्या एका कडेला रंगमंच, समोर गाद्या-लोड. कार्यक्रम भरगच्च. डोक्यावर मडक्यांची उतरंड घेऊन काचांवर नाचणारी बाई, तोंडातून जाळ काढणारा माणूस, कालबेलिया या गारुडी जमातीचा नाच. या नाच-गाण्याला युनेस्कोने 2010 साली मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलंय, आणि काळ्या घागऱ्याची ती गिरकी समोर बघितली की का घेतलंय ते कळतं. बाजूला मांगणियार बसलेले. हे मुसलमान गायक-वादक पिढ्यान्‌पिढ्या राजपूत यजमानांच्या घरी बारशा-लग्नाला गात आलेत. त्यांच्यात एक म्हातारा होता, त्याच्याकडे कमायचा. हे वाद्य आता फार कमी हातांत दिसतं. गोल पोट, वर कातडं, लांब वाकड्या गजाने वाजवायचं. जैसलमेरजवळच्या हमीरा गावच्या साकर खाँ यांना याच वाद्यासाठी 2012 साली पद्मश्री मिळाली. अण्णांना सारंगीचा नाद, त्यामुळे ते लोडावरून पुढे सरकून बसले.

म्हाताऱ्याने गज ठेवला. पहिला सूर लागला, खरखरीत, खोल, घसा बसलेल्या माणसाने हळू आवाजात बोलावं तसा. दुसऱ्याला हात घातला, आणि सूत्रसंचालकाचा माईक कडाडला: "अहमदाबाद से पधारे फलाणे भाई की तरफ से पाँच सौ रुपये! जोरदार तालियाँ!"

टाळ्या. म्हाताऱ्याने गज उचलून नमस्कार केला. परत सुरुवात. "इंदौर से पधारे..." परत गज वर. हे पाच-सहा वेळा झालं. अण्णा मोडनिंबकडचे, तरुणपणी कनातीत बसून तमाशे बघितलेला माणूस. ते माझ्याकडे झुकून म्हणाले, "ही दौलतजादा झाली. पण तमाशातसुद्धा लावणी मधेच तोडत नव्हते रे. त्याला वाजवू द्या की." तेवढ्यात माईकवर "शोलापुर से पधारे" ऐकू आलं. आमच्याच भावाने पाचशेची नोट सरकवली होती. आम्हीही त्याच पंगतीतले, उगाच शहाजोगपणा नको.

त्यानंतर म्हाताऱ्याला पुन्हा सूर धरायला मिळालाच नाही. साडेआठला डीजे लागला, मांगणियारांनी वाद्यं गवसणीत घातली आणि सगळे पाहुणे नाचायला उभे राहिले. शेजारच्या कॅम्पातलाही डीजे चालू होता, त्यामुळे दोन गाण्यांची खिचडी ऐकत आम्ही झोपलो. पोरांना विचाराल तर ती त्यांच्या आयुष्यातली सर्वांत भारी रात्र होती. पण माझ्या कानात अजून तो तुटलेला दुसरा सूर आहे, आणि खुडी ठरवताना मी दुसरं काहीही तोललं नाही.

खुडीला मंच नव्हता. शेकोटी, भोवती सतरंज्या, आणखी एक फ्रेंच जोडपं, एकूण पाच श्रोते. दोन मांगणियार, बाप आणि लेक. बाप ढोलक नि गाणं, लेकाच्या हातात खडताल. शिसवीच्या चार पट्ट्या, प्रत्येक हातात दोन, बांधलेल्या नाहीत, नुसत्या बोटांत धरलेल्या. त्या एवढ्या जलद कशा वाजतात ते मी तीन फुटांवरून बघूनही मला कळलं नाही. मुलीला त्याने हातात धरायला दिल्या, तिच्याकडून दोनदा वाळूत पडल्या. कमायचा नव्हता, हे सांगायलाच हवं. म्हणजे ज्याच्यासाठी गेलो ते मिळालं नाहीच. पण जे सुरू झालं ते संपेपर्यंत कुणी तोडलं नाही. एक गाणं तर वीसेक मिनिटं चाललं असेल, शेवटी शेवटी बाप डोळे मिटून आमच्यासाठी नव्हे, आपल्यासाठीच गात होता.

याला एक दुसरी बाजू आहे, ती बायकोने परतताना दाखवली. आम्ही पाच जणांनी मिळून त्या बापलेकांना जे दिलं ते समच्या माईकवाल्याने दहा मिनिटांत गोळा केलं होतं. त्यातलं कलाकाराच्या हातात किती पडतं मला माहीत नाही, पण पोट त्याच्यावर चालतं एवढं नक्की. माझ्याकडे याला उत्तर नव्हतं. आजही नाही.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. समचे तंबू आतून हॉटेलच्या खोलीसारखे, गरम पाण्याचा नळ, पाश्चात्त्य पद्धतीचा संडास. खुडीला मातीने सारवलेली गोल झोपडी, दोन रजया, आणि सकाळी गरम पाणी बादलीतून, तेही मागितल्यावर. डिसेंबर-जानेवारीत रात्री हाडं गोठतात, कानटोपी विसरू नका. राहायचं नसेल, जेवून-बघून रात्रीच जैसलमेरला परतायचं असेल, तर समच बरं पडेल असं मला वाटतं. खुडीची खरी कमाई रात्री दहानंतर आहे. शेकोटी विझली, गावातले दिवे गेले आणि आम्ही झोपडीबाहेर खाट ओढून आभाळाकडे बघत पडलो. मृग नक्षत्र एवढं स्वच्छ मी सोलापुरात लहानपणी गच्चीवर बघितलं होतं, त्यानंतर तिथेच.

घरात सत्तरीपुढचं कुणी असेल, दहाच्या वर माणसं असतील, किंवा पोरांना जीपचीच हौस असेल, तर समला जा, मनात काही ठेवू नका. माघी पौर्णिमेला संपणाऱ्या मरू महोत्सवाच्या दिवसांत तर समचीच मजा वेगळी, गर्दीसकट. दोघं-तिघं असाल आणि कान जागे असतील तर खुडीचा विचार करा. आणि कुठेही जा, पैसे भरण्याआधी कार्यक्रमाचं फोनवर नीट विचारून घ्या. मी खुडीच्या कॅम्पवाल्याला विचारलं होतं, माईक आहे का म्हणून. तो बिचारा ओशाळला. म्हणाला, "माईक तो नहीं है साब. पर आवाज आ जाएगी."