चीनमध्ये आलिशान गाडी: २.० लिटर, ३.० की ४.०? इंजिन निवडताना कराचा हिशेब

मर्सिडीजची जी-क्लास घ्या. जुन्या जी ५०० मध्ये ५.५ लिटरचं व्ही८ इंजिन होतं, मग ४.० लिटरचं व्ही८ आलं. आता त्याच जी ५०० नावाखाली ३.० लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन मिळतं. चीनच्या बाजारात तर जी ३५० नावाने २.० लिटरचं चार सिलिंडरचं टर्बो इंजिनही या दोन टनांहून जड गाडीत बसवलं गेलं. गाडीचा चौकोनी सांगाडा तोच, पण चीनच्या उपभोग कराच्या (गाडीवर इंजिनाच्या मापानुसार लागणाऱ्या कराच्या) तक्त्यात ही चार इंजिनं चार वेगळ्या टप्प्यांत पडतात: ४०, २५, १२ आणि ५ टक्के.

हे टप्पे १ सप्टेंबर २००८ पासून असे आहेत: १.० लिटरपर्यंत १ टक्का, १.५ पर्यंत ३, २.० पर्यंत ५, २.५ पर्यंत ९, ३.० पर्यंत १२, ४.० पर्यंत २५ आणि त्यापुढे ४० टक्के. त्याआधी ३ ते ४ लिटरला १५ आणि ४ लिटरच्या वर २० टक्के होते, म्हणजे मोठ्या इंजिनांचा दर एका फटक्यात बराच चढला. प्रत्येक टप्प्यात वरची मर्यादा धरलेली असते. म्हणून २,९९९ सीसी १२ टक्क्यांत बसतं आणि ३,००१ सीसी २५ टक्क्यांत जातं.

अनेकांचा हिशेब पुढच्या मुद्द्यावर चुकतो. हा कर किमतीच्या वर लागत नाही, तो किमतीच्या आतच धरलेला असतो. बंदरात उतरलेल्या किमतीत आधी १५ टक्के आयात शुल्क मिळवायचं (१ जुलै २०१८ पूर्वी ते २५ होतं). आलेल्या रकमेला '१ वजा कराचा दर' याने भागायचं आणि मग १३ टक्के व्हॅट लावायचा. भागाकारामुळे ४० टक्क्यांचा दर मूळ रकमेवर प्रत्यक्षात ६६.७ टक्के पडतो, २५ चा ३३.३, १२ चा १३.६ आणि ५ चा फक्त ५.३. शेवटी व्हॅट वगळलेल्या किमतीवर १० टक्के वाहन खरेदी कर ग्राहक स्वतः भरतो.

समजा, गाडी बंदरात ५ लाख युआनला उतरली. आयातदार आणि डीलर यांचा नफा बाजूला ठेवला, तर हिशेब असा येतो:

| इंजिन | उपभोग कर | व्हॅटसह किंमत (युआन) | खरेदी कर | एकूण |
|---|---|---|---|---|
| २.० लिटरपर्यंत | ५ टक्के | ६,८३,९४७ | ६०,५२६ | ७,४४,४७३ |
| २.५ पर्यंत | ९ टक्के | ७,१४,०११ | ६३,१८७ | ७,७७,१९८ |
| ३.० पर्यंत | १२ टक्के | ७,३८,३५२ | ६५,३४१ | ८,०३,६९३ |
| ४.० पर्यंत | २५ टक्के | ८,६६,३३३ | ७६,६६७ | ९,४३,००० |
| ४.० च्या वर | ४० टक्के | १०,८२,९१७ | ९५,८३३ | ११,७८,७५० |

शेवटची ओळ इथेच संपत नाही. व्हॅट वगळून १३ लाख युआन किंवा त्याहून महाग गाड्यांवर १ डिसेंबर २०१६ पासून किरकोळ विक्रीच्या वेळी आणखी १० टक्के उपभोग कर लागू झाला. २० जुलै २०२५ पासून ही मर्यादा ९ लाखांवर आणली गेली आणि पूर्ण इलेक्ट्रिक गाड्याही त्यात आल्या. व्हॅटसह पाहिलं तर ही रेषा १०.१७ लाखांवर आहे. आपल्या उदाहरणातल्या सर्वांत मोठ्या इंजिनाच्या गाडीची व्हॅटपूर्व किंमत ९.५८ लाख येते, म्हणजे ती रेषा ओलांडते आणि आणखी सुमारे ९६ हजार लागतात. ४.० लिटरची गाडी ७.६७ लाखांवर असल्याने यातून सुटते.

म्हणजे इंजिनाचा टप्पाच गाडीला 'अतिआलिशान' कराच्या तोंडी देतो. नफा न धरता ९ लाखांची रेषा गाठायला ४ लिटरवरच्या गाडीची बंदरातली किंमत ४.७० लाख असली तरी पुरते. ४.० पर्यंतच्या गाडीला ती ५.८७ लाख आणि ३.० पर्यंतच्या गाडीला ६.८९ लाख लागते. डीलरचा नफा धरला की या तिन्ही रकमा आणखी खाली येतात. सीमेच्या आसपासची गाडी घेताना हा आकडा डीलरकडून व्हॅट वगळून लिहून घ्यावा.

आता एकेक पायरी पाहू.

२.० आणि ३.० यांच्यात तक्त्यात फरक ५९ हजारांचा आहे, सुमारे ८ टक्के. शोरूममध्ये दिसणारा फरक बहुधा याच्या कितीतरी पट असतो, कारण कंपन्या मोठ्या इंजिनासोबत सीट, एअर सस्पेन्शन आणि चाकंही वरच्या दर्जाची देतात. त्यामुळे 'कर जास्त आहे म्हणून ३.० महाग' हे विक्रेत्याचं म्हणणं अर्धवट खरं असतं. उपकरणं सारखी करून दोन्ही किमती मागाव्यात. शेनयांगमध्ये बनणाऱ्या बीएमडब्ल्यूच्या लांब एक्स५ मध्ये ही निवड अगदी समोरासमोर आहे: ३० एलआय मध्ये २.० टर्बो, ४० एलआय मध्ये ३.० टर्बो. देशात बनल्यामुळे आयात शुल्क नाही, पण उपभोग कराचा फरक तोच ८ टक्क्यांचा. शांघाय किंवा शेनझेनच्या गर्दीत रोजची ये-जा असेल तर २.० पुरतं. कुटुंब आणि सामान घेऊन हायवेवर जाणं नेहमीचं असेल, तर जड गाडीत लहान टर्बोला सतत जास्त दाबावर काम करावं लागतं. तेव्हा त्याची इंधनबचत बरीचशी निघून जाते आणि आवाजही आत येतो. अशा वापराला सरळ सहा सिलिंडरचं ३.० इंजिनच घ्यावं, असं आमचं स्पष्ट मत आहे. ८ टक्क्यांत याहून चांगली सुधारणा मिळत नाही.

उत्तरेकडच्या शहरांत एक वेगळी अडचण येते. हार्बिनसारख्या थंडीत गाडी रोज चार-पाच किलोमीटरच फिरत असेल, तर सिलिंडरमध्ये थेट इंधन फवारणाऱ्या लहान टर्बो इंजिनात न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं, ऑइलची पातळी वाढते आणि ते पातळ होतं. गाडी अधूनमधून अर्धा तास हायवेवर नीट तापू द्यावी, डिपस्टिक तपासावी आणि ऑइल ठरलेल्या मुदतीआधी बदलावं.

२.५ लिटरचा टप्पा मधलाच आणि फारसा फायद्याचा नाही. चीनसाठीच्या एस ४०० एल मध्ये मर्सिडीजने सहा सिलिंडरचं इंजिन २.५ लिटरवर आणलं, २९९ अश्वशक्तीचं. शेजारच्या एस ४५० एल मध्ये ३.० लिटर आणि ३६७ अश्वशक्ती. करातला फरक आपल्या उदाहरणात जेमतेम २६ हजारांचा, आणि त्यासाठी ६८ अश्वशक्ती जातात. बाकी उपकरणांसाठी ही गाडी हवी असेल तर घ्यावी. कर वाचवण्यासाठी म्हणून घेऊ नये. ऑडीच्या आधीच्या पिढीतल्या ए८ एल ३० एफएसआय मध्ये २.५ लिटरचं बिनटर्बो व्ही६ होतं, २०४ अश्वशक्तीचं. जुन्या बाजारात ती दिसली आणि गाडी कुनमिंगला चालणार असेल, तर घेण्याआधी दोनदा विचार करा. बिनटर्बो इंजिन दर हजार मीटर उंचीला ढोबळमानाने दहावा हिस्सा ताकद गमावतं आणि कुनमिंग सुमारे १,९०० मीटरवर आहे. टर्बो इंजिनं उंचीवर कमी थकतात.

३.० ते ४.० ही खरी चढाची पायरी आहे: १.३९ लाख युआन. इथे व्ही८ चा आवाज आणि ताकद हवी असेल तरच पाय टाकावा. टोयोटाच्या लेक्सससारख्या गाड्यांची गोष्ट इथे नीट पाहण्यासारखी आहे. एलएक्स ६०० चं व्ही६ ३,४४५ सीसीचं आहे. आधीच्या ५.७ लिटरच्या मानाने ते ४० वरून २५ टक्क्यांवर आलं, ही मोठी बचत. पण २५ टक्के भरूनही हाती सहाच सिलिंडर येतात. टोयोटाचं मजबूत यंत्र हवं म्हणून कोणी ते घेत असेल तर ठीक. कराच्या दृष्टीने मात्र २,९९९ सीसीवाले इथे सरळ पुढे आहेत.

४.० च्या उंबरठ्यावर युरोपीय कंपन्यांनी किती बारीक माप घेतलं आहे ते आकड्यांतूनच दिसतं: मर्सिडीज-एएमजीचं व्ही८ ३,९८२ सीसी, बेंटली आणि लॅम्बोर्गिनी उरुसचं ३,९९६ सीसी. अॅस्टन मार्टिनने डीबी११ आधी ५.२ लिटरच्या व्ही१२ सह आणली आणि मग एएमजीचं हेच व्ही८ त्यात बसवलं. मासेरातीची क्वात्रोपोर्ते ४.७ वरून ३.८ आणि ३.० लिटरवर आली. यामागे युरोपचे उत्सर्जन नियमही आहेतच, पण माप ४ लिटरच्या इतकं अलीकडे का थांबलं, हे या तक्त्याशिवाय नीट समजत नाही.

बीएमडब्ल्यूचं व्ही८ ४,३९५ सीसीचं आहे. रेंज रोव्हरच्या सध्याच्या व्ही८ मध्येही तेच बसतं. या ३९५ सीसींसाठी आपल्या उदाहरणात अतिआलिशान करासह सुमारे ३.३ लाख युआन जास्त जातात. त्याच रेंज रोव्हरचं सहा सिलिंडरचं इंजिन २,९९६ सीसीचं आहे. त्या दोघांत निवड असेल तर आम्ही दुसऱ्याकडे बोट दाखवू.

मागच्या झाकणावरच्या आकड्यावर विसंबू नका. बीएमडब्ल्यूच्या ७३० एलआय मध्ये ३.० नव्हे, २.० लिटर होतं. ७३५ एलआय मध्ये ३.० आहे, जी ५०० मध्ये वर्षानुसार ५.५, ४.० किंवा ३.० निघेल.

प्लग-इन हायब्रिडलाही उपभोग कर इंजिनाच्या मापानेच लागतो. म्हणूनच ली ऑटो एल९ किंवा आयटो एम९ सारख्या मोठ्या गाड्यांत बॅटरी चार्ज करायला १.५ लिटरचं टर्बो असतं: ३ टक्के. अशा गाड्यांना वाहन खरेदी करातली पूर्ण सूट होती, ती २०२५ अखेर संपली. २०२६ आणि २०२७ मध्ये तो निम्मा आहे, आणि एका गाडीमागे सवलत जास्तीत जास्त १५ हजार युआन. नंबरप्लेटचं गणित मात्र शहरागणिक बदलतं. शांघायने १ जानेवारी २०२३ पासून प्लग-इनला मोफत प्लेट देणं थांबवलं आणि बीजिंगच्या 'नव्या ऊर्जेच्या' गाड्यांसाठीच्या प्लेटच्या कोट्यात फक्त पूर्ण इलेक्ट्रिक गाड्या येतात.

भारतातून गेलेल्यांनी इथली सवय तिथे लावू नये. आपल्याकडे पेट्रोलला १,२०० आणि डिझेलला १,५०० सीसीची रेषा ओलांडली की २.० लिटर आणि ४.० लिटर यांच्या जीएसटीत फरक उरत नाही. माप रेषेखाली आणायची युक्ती मात्र इथेही झाली आहे. दिल्ली परिसरात २,००० सीसी आणि त्यावरच्या डिझेल गाड्यांच्या नोंदणीवर बंदी आली तेव्हा महिंद्राने २०१६ च्या जानेवारीत १.९९ लिटरचं एमहॉक आणलं.

वार्षिक वाहन कर प्रांतानुसार ठरतो: १.६ ते २.० लिटरला ३६० ते ६६० युआन, २.५ ते ३.० ला १,२०० ते २,४००, ४ च्या वर ३,६०० ते ५,४००. या वर्गाच्या गाडीला तो निर्णायक नाही. जुनी गाडी घेणाऱ्याने एवढं लक्षात ठेवावं की उपभोग कर पहिल्या आयातीच्या वेळीच भरलेला असतो आणि जुन्या गाडीच्या विक्रीवर अतिआलिशान करही लागत नाही. ज्यांना ४,३९५ सीसीचं व्ही८ हवंच आहे, त्यांनी ते जुन्या बाजारातच शोधावं. पैसे देण्याआधी नोंदणीच्या कागदावरचा सीसीचा आकडा वाचावा आणि तोच वार्षिक कराच्या पावतीशी ताडून पाहावा.