परदेशात नोकरी करताना पैसे पाठवायला वाइज कसं आहे, माझा अनुभव

परदेशात नोकरी धरली की पगार एका चलनात आणि निम्मे खर्च दुसऱ्या चलनात असं होतंच. घरी पैसे पाठवायचे असतात, मागचं कर्ज चालू असतं, कुठला तरी हप्ता असतो. त्यासाठी मी बरेच दिवस वाइज (Wise) हे परदेशात पैसे पाठवायचं ॲप वापरतोय आणि नवीन आलेले लोक सारखे विचारतात, म्हणून एकदाच सगळं लिहितो.

आधी महत्त्वाचं. पैसे पाठवताना "फी किती" हे विचारत बसू नका, "समोरच्याच्या खात्यात नेमके किती पडणार" ते विचारा. झिरो फी असं मोठ्या अक्षरात लिहिणारे बरेच जण कमाई रेटमध्ये काढतात. समजा बाजारात १ युरोला १.१० डॉलर चाललेत आणि तुम्हाला १.०७ दिले, तर १००० युरोमागे सरळ ३० डॉलर गेले आणि पावतीवर फी मात्र शून्य. दर महिन्याला पाठवत असाल तर वर्षाचा हिशोब तुम्हीच करा. वाइज मिड-मार्केट रेट लावतं, म्हणजे खरेदी-विक्रीच्या भावांच्या मधला, गुगलवर साधारण दिसतो तोच, आणि स्वतःची फी वेगळी दाखवतं. पाठवायच्या आधीच स्क्रीनवर फी, रेट आणि पोचणारी रक्कम असं तिन्ही समोर असतं. मला यातलं सगळ्यात जास्त हेच पटलं.

ही कंपनी काढणारे दोघंही परदेशात राहणारेच होते बरं का. क्रिस्टो कारमान आणि ताव्हेत हिन्रिकुस, दोघं एस्टोनियाचे, राहायला लंडनला. एकाला पगार युरोत मिळायचा आणि खर्च पौंडात, दुसऱ्याला पगार पौंडात आणि घराचं कर्ज युरोत. मग एकाने दुसऱ्याच्या खात्यात युरो टाकायचे, दुसऱ्याने याच्या खात्यात पौंड, बँकेला मध्ये घ्यायचंच नाही. त्यातून २०११ मध्ये ट्रान्सफरवाइज निघालं, २०२१ मध्ये नाव नुसतं वाइज झालं. आजही मूळ कल्पना तीच, तुम्ही इकडच्या लोकल खात्यात भरता आणि तिकडच्या लोकल खात्यातून पैसे दिले जातात, म्हणून बऱ्याच रूटवर ते पटकन पोचतात.

बँकेतून स्विफ्टने, म्हणजे बँकांच्या आंतरराष्ट्रीय जाळ्यातून, पाठवलं की मध्ये करस्पॉन्डंट म्हणजे मधल्या दुव्याच्या बँका लागू शकतात आणि त्या आपापला कट घेतात. माझ्या जुन्या बँकेतून मी घराचं डिपॉझिट पाठवलं होतं, मी पूर्ण रक्कम भरली पण घरमालकाला कमी पोचली, आणि तो म्हणे पूर्ण आल्याशिवाय चावी नाही. बँक म्हणाली आमच्याकडून पूर्णच गेलेत. स्विफ्टने पाठवायची वेळ आलीच तर फॉर्मवर चार्जेसच्या ठिकाणी ओयूआर (OUR) आहे का बघा, त्यात सगळा खर्च पाठवणाऱ्याकडे असतो. शेअर्ड (SHA), म्हणजे खर्च वाटून, ठेवलं की मधला कट समोरच्याच्या रकमेतून जातो, आणि भाडं किंवा कॉलेजची फी असेल तर तेवढ्यावरूनच अडकतं.

आता खात्याबद्दल. एकाच ॲपमध्ये वेगवेगळी चलनं ठेवता येतात आणि काही चलनांसाठी लोकल खातं नंबर मिळतो. नवीन देशात बँक खात्यासाठी पत्त्याचा पुरावा मागतात आणि घर भाड्याने घ्यायला बँक खातं मागतात, त्या चक्रात हा नंबर खूप कामाला येतो. युरोपात मिळणारा आयबॅन, म्हणजे आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक, सहसा बेल्जियमचा असतो, बीई (BE) ने सुरू होणारा, आणि काही ऑफिसं किंवा मोबाईल कंपन्या तो बघून नाही म्हणतात. युरोपियन युनियनच्या २६०/२०१२ या रेग्युलेशनच्या कलम ९ प्रमाणे युरोच्या व्यवहारात खातं कोणत्या देशात असावं ही अट त्यांना घालता येत नाही, तेव्हा मेलमध्ये शांतपणे या रेग्युलेशनचा नंबर लिहून पाठवा.

कार्ड पण चांगलं आहे, एटीएममधून ठराविक मर्यादेपर्यंत फुकट काढता येतात, पुढे फी लागते. पण कार्ड कुठलंही असो, मशीनने "तुमच्या चलनात पैसे घेऊ का" विचारलं तर नाही म्हणा आणि लोकल चलन निवडा, नाहीतर रेट मशीनवाला ठरवतो आणि तो महागच पडतो.

कमी पडणाऱ्या गोष्टीही आहेत. ब्रिटनमध्ये ही ई-मनी संस्था आहे, बँक नाही, त्यामुळे ग्राहकांचे पैसे वेगळे ठेवावे लागतात पण बँकेतल्या ठेवीसारखं विम्याचं संरक्षण नाही. म्हणून आयुष्यभराची बचत इथे ठेवू नका, पगारातलं पाठवायचं तेवढंच ठेवा. समोर बसून बोलायला शाखा नाही. सगळ्या सोयी सगळ्या देशात मिळत नाहीत, देश बदललात की पत्ता अपडेट करावा लागतो आणि काही सोयी जातात, काही नवीन येतात. आणि ट्रान्सफरचे पैसे क्रेडिट कार्डने भरू नका, फी वाढते, बँक ट्रान्सफरनेच भरा.

मोठी रक्कम असेल, म्हणजे घर विकलं वगैरे, तर पैसे कुठून आले त्याचे कागद मागू शकतात. पगाराच्या स्लिपा, विक्रीचा करार आधीच स्कॅन करून ठेवा म्हणजे ट्रान्सफर मध्येच अडकणार नाही. पैसे स्वतःच्याच नावाच्या खात्यातून भरा, बायकोच्या किंवा मित्राच्या खात्यातून भरले की ते परत पाठवले जाऊ शकतात, आणि पासपोर्टवर नाव जसं आहे अगदी तसंच प्रोफाइलला टाका.

निघायचं ठरलेलं असेल तर व्हेरिफिकेशन जुना नंबर चालू असतानाच पूर्ण करा. सिम बंद झाल्यावर ओटीपी जुन्या नंबरवर जात राहतात आणि खातं उघडता उघडत नाही, तेव्हा नवीन सिम घेतलं की जुनं बंद करायच्या आधी ॲपमध्ये नंबर बदलून घ्या, आणि लॉगिनला एसएमएसऐवजी ॲपमधलं अप्रूव्हल चालू करून ठेवा.