घरी ब्युरोच्या मावशी की शुश्रूषा केंद्र?

पुण्यात सदाशिव पेठेत किंवा कोथरूडला एकट्या राहणाऱ्या आजीआजोबांसाठी मुले बहुधा दोन पर्याय पाहतात: मदतनीस पुरवणाऱ्या ब्युरोमार्फत घरी येणाऱ्या मावशी किंवा निवासी शुश्रूषा केंद्र. खर्चाची चौकशी सगळेच करतात; वृद्धांच्या रीतिरिवाजांची फार थोडे करतात, आणि माझ्या मते निवड तिथेच ठरायला हवी.

घरी देवपूजेची वेळ, सोवळे, ताटातली ज्वारीची भाकरी हे सहज जपले जाते. अडचण येते आषाढी एकादशीसारख्या दिवशी. इन्सुलिन घेणाऱ्या आजींनी नेहमीचा डोस घेऊन निर्जळी उपवास केला, तर रक्तातली साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. उलट साबुदाण्याच्या खिचडीने ती झपाट्याने वाढते. प्रशिक्षण नसलेल्या मावशींना आजींचा शब्द मोडवत नाही.

चांगल्या केंद्रात परिचारिका साखर तपासून डॉक्टरांच्या सल्ल्याने डोस देते. अमेरिकी परिचर्यातज्ज्ञ मॅडलिन लायनिंगर यांनी संस्कृतीनुरूप परिचर्येचे तीन मार्ग सांगितले: प्रथा जपणे, तिच्याशी जुळवून घेणे आणि घातक ठरत असल्यास रुग्णाला सोबत घेऊन ती बदलणे. निर्जळीऐवजी थोडी भगर, दाण्याची आमटी आणि ताक, हा त्यातला दुसरा मार्ग. मात्र अनेक केंद्रांत आंघोळीची वेळ सर्वांना एकच असते, आणि पुरुष कर्मचाऱ्याकडून अंग पुसून घेताना आजी संकोचाने आक्रसून जातात, हे मला फार खुपते.

इन्सुलिन किंवा शय्याव्रण (सतत पडून राहिल्याने होणारी जखम) असेल, तर मी केंद्र निवडेन, पण प्रवेशापूर्वी स्नानासाठी स्त्री कर्मचारी मिळेल याची खात्री करून घेईन. अन्यथा घर, आणि नियमित भेट देणारी प्रशिक्षित परिचारिका.