संदर्भ-बायबल घ्यावे का? कृपा, क्षमा आणि सेवा या विषयांवर घेतलेली कसोटी

नुसत्या मजकुराचे बायबल आणि संदर्भ-बायबल यांत पवित्र शास्त्राचा मजकूर एकच असतो. वेगळी असते ती भोवतीची सामग्री. शब्दांच्या डोक्यावर बारीक अक्षरे असतात, मधल्या किंवा कडेच्या रकान्यात त्या अक्षरांचे संदर्भ असतात. शिवाय तळटीपा, मथळे, वजनमापांचा तक्ता आणि शेवटी शब्दसूची. या सगळ्यापायी पुस्तक जाड होते, टंक लहान होतो आणि पैसेही जास्त मोजावे लागतात. ते वसूल होतात का, हे जोखायला कृपा, क्षमा आणि आनंदाने केलेली सेवा हा विषय उत्तम. कारण उपदेशांत हे तिन्ही विषय बहुधा वेगवेगळे ऐकायला मिळतात, शास्त्रात मात्र ते एकाच दमात येतात. तो धागा वाचकाच्या हाती देणे हेच संदर्भ-रकान्याचे खरे काम.

पहिली तपासणी इफिसकरांस २:८-१० (म्हणजे इफिसकरांस पत्राचा २रा अध्याय, वचने ८ ते १०) इथे करा. तारण कृपेने, विश्वासाच्या द्वारे होते, ते देवाचे दान आहे, कर्माने मिळत नाही आणि म्हणून कोणाला बढाई मारायला जागा नाही, हे ८ आणि ९ या वचनांत आले. वचनफलकांवर आणि भेटकार्डांवर बहुतेक वेळा एवढेच छापतात. पण हे पत्र लिहिणाऱ्या पौलाचा मुद्दा तिथे संपत नाही. १०व्या वचनात तो म्हणतो की सत्कर्मे करण्यासाठीच आपली निर्मिती झाली आहे आणि ती सत्कर्मे देवाने आधीच योजून ठेवली आहेत. आता समास पाहा. ८व्या वचनापुढे रोमकरांस ३:२४ आणि गलतीकरांस २:१६ हे संदर्भ बहुधा सापडतील. ते हवेतच. पण १०व्या वचनापुढे तीत २:१४ आणि ३:८ आहेत का? तीताच्या पत्रात हीच बांधणी पुन्हा येते. ३:५ मध्ये ‘आपण केलेल्या कर्मांमुळे नव्हे’ आणि तीनच वचनांनंतर ‘सत्कर्मे करण्याकडे लक्ष द्यावे’. १ करिंथकरांस १५:१० सुद्धा याच पंगतीतले. जो काही मी आहे तो कृपेने, असे म्हणणारा पौल त्याच श्वासात सर्वांपेक्षा अधिक श्रम केल्याचे सांगतो आणि तेही कृपेच्याच खात्यावर घालतो. १०व्या वचनापुढचा रकाना रिकामा असेल, तर त्या आवृत्तीने कृपा सांगितली आणि सेवा सांडली, असे खुशाल समजा.

दुसरी तपासणी अध्यायांच्या सीमेवर. आज छापले जाणारे अध्याय १३व्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमधले धर्मगुरू स्टीफन लँग्टन यांनी पाडले आणि नव्या करारातले वचनांचे आकडे फ्रेंच मुद्रक रोबेर एस्तिएनच्या १५५१ सालच्या ग्रीक आवृत्तीतून आले. ही सोय मोठीच, पण दोन ठिकाणी ती नेमकी आपल्या विषयावरून सुरी फिरवते. रोमकरांस ५:२०-२१ मध्ये पाप वाढले तिथे कृपा त्याहून विपुल झाली, असे येते. त्यातून साहजिकच निघणारा प्रश्न, ‘मग कृपा वाढावी म्हणून पाप करतच राहावे काय?’, पुढच्या अध्यायात जाऊन पडतो. तसेच इफिसकरांस ४:३२. देवाने ख्रिस्तामध्ये क्षमा केली तशी एकमेकांना क्षमा करा, असे सांगून अध्याय संपतो आणि ‘देवाचे अनुकरण करा’ हे त्याला लागूनच असलेले वाक्य ५:१ होऊन बसते. काही आवृत्त्या इथे ठळक मथळा आणि मोठी मोकळी जागा देतात, त्यामुळे फट आणखी रुंदावते. अध्यायाचा आकडा समासात ढकलून मजकूर परिच्छेदात सलग छापणारी आवृत्ती या अभ्यासासाठी केव्हाही सरस. निदान ५:१ वरचे बारीक अक्षर वाचकाला ४:३२ कडे परत पाठवते का, एवढे तरी पाहून घ्या.

मत्तय १८:२१-३५ इथे वजनमापांच्या तक्त्याची परीक्षा होते. येशूने सांगितलेल्या निर्दय चाकराच्या दाखल्यात (बोधकथेत) दोन कर्जे आहेत: एक चाकराने धन्याला देणे असलेले दहा हजार तालान्तांचे, दुसरे सोबतीच्या चाकराने त्याला देणे असलेले शंभर दिनारांचे. पहिले माफ झाले तरी दुसरे त्याने सोडले नाही. निव्वळ ‘फार मोठी रक्कम’ अशी तळटीप देणारी आवृत्ती वाचकाला काहीच देत नाही. दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी (मत्तय २०:२) आणि एक तालान्त म्हणजे सुमारे ६,००० दिनार, एवढे तक्त्यात असले की पुढचा हिशेब वाचक स्वतः करतो. पहिले कर्ज ६ कोटी दिनारांचे. वर्षाचे ३०० कामाचे दिवस धरले तर २ लाख वर्षांची मजुरी! ‘मला वागवून घ्या, सगळे फेडीन’ हे त्या चाकराचे बोलणे किती पोकळ आहे ते तेव्हा कळते. धन्यानेही मुदत वाढवून दिली नाही, त्याने कर्जच सोडून दिले. हा हिशेब दुसऱ्या बाजूनेही मोलाचा आहे. शंभर दिनार म्हणजे शंभर दिवसांची कमाई, ती काही चिल्लर नव्हे. आपल्याला झालेली इजा क्षुल्लक होती असे हा दाखला कुठेही म्हणत नाही. ती खरी होती, मोजता येण्याजोगी होती, आणि तरीही जे आपल्याला सोडले गेले त्याच्या सहा लाखांवा हिस्सा होती. पुष्कळ जण क्षमेपाशी अडतात ते ‘काही झालेच नाही’ असे म्हणावे लागेल या भीतीने. नीट छापलेला चार ओळींचा तक्ता ती भीती घालवू शकतो.

याच दाखल्याचा संदर्भ मत्तय ६:१४-१५ पुढे असणे फार गरजेचे. तुम्ही क्षमा केली नाही तर पिताही करणार नाही, हे वचन एकटे वाचले की क्षमा ही कृपेची किंमत वाटू लागते आणि माणूस धास्तावतो. १८व्या अध्यायातला क्रम वेगळा आहे. धनी आधी कर्ज सोडतो (२७) आणि मग विचारतो, ‘मी दया केली तशी तूही करायला नको होतीस काय?’ (३३). कलस्सैकरांस ३:१३ चा क्रमही तोच. समासात हे दोन्ही संदर्भ असले की ६:१४-१५ मधला इशारा तसाच कडक राहतो, पण कृपा विकत घ्यावी लागते असा गैरसमज होत नाही.

टीपांबाबत मात्र सावध राहा. संदर्भ-रकाना बहुधा दगा देत नाही, टीपा देतात. क्षमेवरच्या काही टीपा दुखावलेल्यालाच गप्प बसायला सांगतात. कुठली टीप त्या वळणाची आहे हे ओळखायचे तर पाहा, किती वेळा क्षमा करावी याला येशूने दिलेल्या ‘सत्तर वेळा सात वेळा’ या उत्तरावर (मत्तय १८:२२) लिहिताना ती त्याच अध्यायातल्या मागच्या १५-१७ या वचनांचा उल्लेख करते का. तिथे येशूनेच पायऱ्या घालून दिल्या आहेत: आधी एकांतात जाऊन त्याचा अपराध दाखव, मग एक-दोघांना बरोबर घेऊन जा, तरी ऐकले नाही तर मंडळीला सांग. लूक १७:३-४ मध्येही दोष दाखवणे आणि क्षमा करणे एकाच वाक्यात आहे. भावांनीच विकून टाकलेल्या योसेफानेही पुढे त्यांना ओळखताक्षणी मिठी मारली नाही. उत्पत्ती ४२ ते ४४ हे तीन अध्याय तो त्यांना पारखत राहिला आणि ओळख दिली ४५व्या अध्यायात. सूड सोडणे आणि पुन्हा विश्वास टाकणे या दोन गोष्टी वेगळ्या ठेवणारी टीप भरवशाची. अत्याचार सहन करत राहणे म्हणजेच क्षमा, असे सुचवणारी आवृत्ती मंडळीत कोणाच्याही हाती देऊ नये.

शब्दसूचीची मर्यादा आधीच ओळखून घ्या. ती शब्द शोधते, प्रसंग तिला दिसत नाहीत. लूक १५ मधल्या उधळ्या मुलाच्या दाखल्यात बाप धावत जातो, गळ्यात पडतो, अंगठी घालतो, पण ‘क्षमा’ हा शब्द त्यात येत नाही. जकातदार जक्कयाच्या घरी येशू जातो त्या प्रसंगात (लूक १९:१-१०) नाही. योहान २१:१५-१७ मध्येही नाही. शिष्य पेत्राने येशूला तीनदा नाकारले होते, तिथे येशूकडून त्याला तीनदा ‘माझ्यावर प्रीती करतोस काय?’ असे विचारले जाते आणि दर उत्तरावर मेंढरांचे काम सोपवले जाते. क्षमेतून थेट सेवेत नेणारा याहून स्पष्ट प्रसंग नव्या करारात सापडणे कठीण, आणि सूची त्याला वगळून जाते. फिलेमोनास लिहिलेले पत्र तर उघडच एका माणसाला परत स्वीकारण्याविषयी आहे. त्याची अवघी २५ वचने आहेत. ‘त्याचे काही देणे असेल तर ते माझ्या नावावर मांड’ हे १८वे वचन म्हणजे क्षमेचा गाभा, पण क्षमेच्या नोंदीखाली ते मिळणार नाही. म्हणून सूचीत पन्नास नोंदी आहेत की पाचशे, यावर भाळू नका. मत्तय १८ च्या समासात फिलेमोन आणि लूक ७:४१-४३ (पाचशे आणि पन्नास दिनारांचे दोन कर्जदार) येतात का, ते बघा.

मोबाइलवरच्या बायबलमध्ये शोध झटपट लागतो, पण मराठीत एक अडचण हमखास येते. ‘कृपा’ टाकले तर अक्षरशः तेवढेच शोधणाऱ्या ॲपला ‘कृपेने’, ‘कृपेची’ ही रूपे दिसत नाहीत, म्हणजे इफिसकरांस २:८ सुद्धा निसटते. ‘कृपे’ आणि ‘क्षमे’ असे वेगळे शोध द्या, यादी लगेच लांबेल.

आता सेवा. इथे बहुतेक आवृत्त्या तोकड्या पडतात. स्तोत्र १००:२ पुढे ‘हर्षाने सेवा करा’ या अर्थाची चार वचने देतात आणि थांबतात. आनंद का आटतो, हे सांगणारे संदर्भ फार थोड्या ठिकाणी जोडलेले दिसतात. लूक १०:४० मधली मार्था पाहुणचाराच्या कामात गुंतून करवादते आणि प्रभूलाच जाब विचारते. लूक १५:२९ मधला थोरला मुलगा ‘इतकी वर्षे तुमची चाकरी करतोय’ म्हणतो. वडिलांच्या घरात राहून तो स्वतःला गडी समजत होता. मत्तय २०:११-१२ मधले मजूरही दुसऱ्याला मिळालेले पाहून कुरकुरतात. तिघांचेही हात कामात आहेत, डोळे मात्र दुसऱ्याच्या वाट्याकडे. अनुवाद २८:४७ तर आनंदाविना केलेल्या सेवेला दोष म्हणूनच मोजते.

उपाय २ करिंथकरांस ८ आणि ९ मध्ये आहे, आणि ज्या आवृत्तीत हे दोन अध्याय भरगच्च जोडलेले आहेत ती डोळे झाकून घ्यावी. मासेदोनियाच्या मंडळ्या अत्यंत दारिद्र्यात होत्या, तरी त्यांचा आनंद औदार्याने भरून वाहिला. पौल त्याची सुरुवात ‘देवाची कृपा’ इथून करतो (८:१-२). ९:७ मधला संतोषाने देणारा सर्वांना पाठ असतो. ८:१२-१३ मात्र विसरले जाते. जवळ असेल त्या मानाने दिलेले मान्य होते, नसेल त्या मानाने नव्हे, आणि दुसऱ्यांना आराम व तुम्हांला ओझे असाही हेतू नाही. थकलेल्या सेवकांसाठी हे औषध आहे. याला १ पेत्र ४:१०-११ (कृपेचे चांगले कारभारी व्हा, देव पुरवतो त्या शक्तीने सेवा करा) आणि प्रेषितांची कृत्ये ६:१-४ (विधवांच्या रोजच्या वाटपाचे काम सात जणांकडे सोपवणे) जोडलेले असेल, तर ती निवड विचारपूर्वक केलेली आहे.

बांधणीचे थोडक्यात. पाठ शिवलेली हवी. नुसती चिकटवलेली असेल तर रोजच्या वापरात पाने सुटतात. उत्पत्तीचा पहिला आणि प्रकटीकरणाचा शेवटचा अध्याय उघडून पुस्तक टेबलावर सपाट राहते का ते पाहा. बायबलचा कागद फार पातळ असतो, सहसा २८ ते ४० जीएसएम (दर चौरस मीटरला ग्रॅम), म्हणून मागच्या पानाची छपाई किती दिसते ते उजेडात धरून तपासा. दोन्ही बाजूंच्या ओळी एकमेकींच्या पाठीवर नेमक्या बसवल्या असतील तर त्रास कमी होतो. संदर्भाची अक्षरे संध्याकाळच्या प्रकाशात वाचता आली पाहिजेत, नाहीतर महिनाभरात रकान्याकडे बघणेच बंद होते. खुणांसाठी पेन्सिल किंवा कोरडा मेणखडू वापरा. हायलायटर आणि जेलपेनची शाई पलीकडे उतरते.

वापरताना होणारी नेहमीची चूक म्हणजे एका संदर्भावरून दुसऱ्यावर, तिथून तिसऱ्यावर उड्या मारणे. अर्ध्या तासात वीस तुटक वचने वाचून होतात आणि एकाचाही मागचा-पुढचा भाग लक्षात राहत नाही. आधी संपूर्ण उतारा संदर्भांकडे न बघता वाचा. मग एका बैठकीला दोन, फार तर तीन संदर्भ निवडा आणि प्रत्येकाचा पूर्ण परिच्छेद वाचा. नुसता शब्द जुळतो म्हणून दिलेले संदर्भ लगेच ओळखू येतात, त्यांना पेन्सिलीने बारीक रेघ मारून ठेवा. मुद्दा जुळणारे सापडले तर समासात त्यांचे परतीचे टिपण करा, म्हणजे फिलेमोन १८ पुढे मत्तय १८:२७ लिहिले तर मत्तयातही फिलेमोन लिहा.

बायबल पहिल्यांदाच हाती घेणाऱ्याला हा प्रकार सुचवणार नाही. त्याला मोठ्या टंकाचा, संदर्भ नसलेला मजकूर द्या आणि लूकचे शुभवर्तमान सलग वाचू द्या. शिकवणाऱ्यांनी, घरसभा चालवणाऱ्यांनी आणि दुखावलेल्या माणसांशी बोलण्याची जबाबदारी ज्यांच्यावर आहे त्यांनी मात्र ते जरूर घ्यावे. दुकानात उभ्या उभ्या चारच जागा उघडा: इफिसकरांस २:१०, इफिसकरांस ५:१, मत्तय १८:२४ आणि २ करिंथकरांस ८:१२. चारांपैकी तीन ठिकाणी रकाना भरलेला आणि नेमका असेल तर घ्या. चौथी उणीव पेन्सिलीने भरून काढता येते.