चर्चचे वडील निवडायचं किट मागवलं होतं: चार नंबरचा फॉर्म भारी, बाकी सगळं अमेरिकेतलं

सगळ्यांना सलाम. आमच्या मंडळीने, म्हणजे आमच्या चर्चच्या लोकांनी, यंदा वडिलांच्या (बाप नव्हे, मंडळीचा कारभार बघायला निवडलेली माणसं) निवडीआधी एक किट मागवलं होतं, निवड होऊन आता दोन महिने झाले म्हणून सावकाश लिहितेय. पार्सल फोडल्या फोडल्या लिहिलं असतं तर एकच स्टार दिला असता आणि ते चुकीचं झालं असतं. ज्यांनी काढलंय त्यांचं नाव देत नाही, फोनवरचा माणूस फार नीट बोलला आणि मला कुणाच्या पोटावर पाय द्यायचा नाही.

आधी आमचं सांगते म्हणजे कळेल की असलं काही विकत घ्यायची वेळ का आली. पिंपरीकडची साठ-पासष्ट घरांची मंडळी, जुनी माणसं बहुतेक नगर जिल्ह्यातून कंपन्यांमध्ये कामाला आलेली, नंतरची जालना-बीडकडची. नगरवाले म्हणजे अमेरिकन मराठी मिशनच्या वळणाचे आणि ते मिशन काँग्रिगेशनल, म्हणजे पाळक (पास्टर) कोण, वडील कोण ते मंडळी बसून ठरवणार, वरून कुणी पाठवणार नाही. पुढे १९२४ ला युनायटेड चर्च झालं, मग २९ नोव्हेंबर १९७० ला नागपूरला सीएनआय, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, झालं, बिशप आले, तरी आमच्या आजोबांच्या पिढीच्या डोक्यातून "मंडळी ठरवील" हे काही गेलं नाही, आणि आमची मंडळी तर स्वतंत्रच आहे त्यामुळे विचारूच नका.

पण ठरवतो कसं? दर तीन वर्षांनी एका वार्षिक सभेत, रविवारची भक्ती संपल्यावर, एकजण नाव सुचवतो, दुसरा अनुमोदन देतो, हात वर, सात वडील दहा मिनिटांत तयार, कारण मागच्या हॉलमधून बिर्याणीचा वास यायला लागलेला असतो. मागच्या खेपेला असे निवडलेले एक वडील वर्षभर फक्त प्रभुभोजनाच्या रविवारी दिसले, त्या दिवशी पुढे उभं राहायचं असतं ना. दुसऱ्या एका घरात आजारपण झालं तर सहा महिने कुणी वडील फिरकले नाहीत आणि ते कुटुंब गुपचूप दुसऱ्या मंडळीत जायला लागलं. ते मनाला लागलं सगळ्यांच्या. म्हणून पाळकसाहेब म्हणाले, या वेळी जरा अभ्यास करून निवडू, आणि सेक्रेटरी मी असल्यामुळे शोधाशोध माझ्याकडे आली.

किट २४०० रुपये, वर कुरिअरचे १८०. आठवड्यात आलं. निळी फाइल, त्यात जाडसर पुस्तक, सहा बैठकांची पत्रकं, चार प्रकारचे फॉर्म प्रत्येकी दहा आणि व्हिडिओंचा पेनड्राइव्ह. कागद चांगला आहे, बाइंडिंग नाही, दुसऱ्या बैठकीतच मधली पानं हातात आली.

आता भाषा. हे मूळ अमेरिकेतलं आणि मराठी ज्याने केलंय त्याने आयुष्यात मराठी शास्त्र (बायबल) उघडलेलं नाही हे मी लिहून देते. पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरात "ज्येष्ठ नागरिकांची निवड कशी करावी". महिला मंडळाच्या एका मावशी म्हणाल्या अगं हे रेल्वे सवलतीचं आहे का. पुढे कृपादानांचा, म्हणजे देवाने दिलेल्या देणग्यांचा, धडा आहे, नव्या करारातलं एक करिंथ बारा वाचलेल्या कुणालाही माहीत असलेला शब्द, तर यात सगळीकडे "आध्यात्मिक भेटवस्तू", आणि त्याखाली प्रश्न, "तुमच्याकडे कोणत्या भेटवस्तू आहेत?" आपल्या शास्त्रात वडिलांसाठी जिथे अध्यक्ष हा शब्द आहे तिथे "पर्यवेक्षक". कंपनीतून रिटायर झालेले आमचे एक काका लगेच म्हणाले, शिफ्ट कोणती? पंडिता रमाबाईंनी केडगावात बसून मूळ हिब्रू-ग्रीकवरून अख्खं शास्त्र मराठीत आणलं, आणि आज आपल्याला चाळीस पानांचं धड भाषांतर विकत मिळत नाही, असो.

व्हिडिओ तर आम्ही दोनच बघितले. डबिंगमध्ये आवाज एका बाईचा आणि पडद्यावर दाढीवाला माणूस. एका व्हिडिओत सांगतात की उमेदवारांना घेऊन शनिवार-रविवार तलावाकाठच्या केबिनमध्ये जा. आमच्या उमेदवारांपैकी दोघांची शनिवारी सेकंड शिफ्ट असते. वेळापत्रकही सोळा आठवड्यांचं आहे, आम्ही ते सहा रविवारांवर आणलं आणि काही बिघडलं नाही.

एवढं सगळं असूनही बैठका चांगल्या झाल्या, कारण पत्रकांतली वचनं बरोबर निवडलीत. आम्ही किटचं मराठी बाजूला ठेवलं आणि शास्त्रातून वाचलं. पहिल्या बैठकीत एक तीमथ्य तीन आणि तीताचा पहिला अध्याय, अध्यक्षात कोणते गुण हवेत ते सांगणारे. हे शंभरदा ऐकलेलं असतं हो, पण पत्रकात एक काम दिलंय, की यातल्या एकेक गुणापुढे लिहा, हे कौशल्य आहे की स्वभाव. लिहिता लिहिता लक्षात आलं की अध्यक्षाच्या त्या सगळ्या यादीत कौशल्य म्हणावं असं एकच, शिकवता येणं. बाकी काय, तर भांडखोर नको, पैशाचा लोभी नको, दारूच्या नादी नको, पाहुणचार करणारा हवा, घर नीट चालवणारा हवा, नुकताच विश्वासात आलेला नको. आणि आम्ही आजपर्यंत काय बघत होतो? प्रार्थना लांब करता येते का, इंग्लिश येतं का, आणि चर्चच्या पत्र्याला कुणी किती दिले. कुणी काही बोललं नाही पण खजिनदार काकांनी चष्मा काढून पुसला.

दुसरी बैठक प्रेषितांची कृत्ये सहावर, म्हणजे पहिल्यावहिल्या मंडळीच्या गोष्टीवर. इथे किटने मोठी गोष्ट हातची घालवली असं माझं मत. पत्रकात एवढंच की कामाची वाटणी करा. अरे पण भांडण कशावरून होतं ते सांगा ना. ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटणीत डावललं जात होतं ही तक्रार होती, आणि मग जे सात निवडले, स्तेफन, फिलिप्प वगैरे, त्या सातही जणांची नावं ग्रीक आहेत. म्हणजे ज्यांची तक्रार होती बहुतेक त्यांच्यातलीच माणसं निवडून कारभार त्यांच्या हातात दिला. शिवाय निवडले लोकांनी आणि नेमणुकीसाठी डोक्यावर हात ठेवले प्रेषितांनी, म्हणजे येशूच्या शिष्यांनी, दोन्ही कामं वेगळी. हे पाळकसाहेबांनी सांगितलं तेव्हा हॉलमध्ये जालनावाल्या बाजूने जरा खुर्च्या सरकल्याचा आवाज आला. सात वडिलांत त्यांचा आजवर एकच असायचा, घरं मात्र निम्मी त्यांची.

बायकांच्या बाबतीत किट गप्प आहे, सगळीकडे "तो", फॉर्मवर "उमेदवाराची पत्नी". आमच्याकडे दोन बायका आधीपासून वडील आहेत. आम्ही पेनने खोडून "पती/पत्नी" केलं. रोमकरांस पत्राच्या सोळाव्या अध्यायात फिबीला किंख्रियातल्या मंडळीची सेविका म्हटलंय, तो धडा घातला असता तरी चाललं असतं.

आता फॉर्मकडे येते, पैसे त्याचेच आहेत. एक नंबर म्हणजे उमेदवाराची माहिती, नोकरीच्या अर्जासारखा, बोअर. दोन नंबर म्हणजे तो भेटवस्तूंचा, सोडून दिला. तीन नंबर घरच्या माणसाने भरायचा, त्यात प्रश्न असे की राग आल्यावर हे काय करतात, घरातल्या पैशाचा हिशोब तुम्हाला माहीत असतो का, मुलं यांच्याशी कशाबद्दल बोलायला घाबरतात. एकजण तो फॉर्म घरी घेऊन गेले आणि पुढच्या रविवारी कोराच परत आणून म्हणाले, माझं नाव या वेळी राहू द्या. कारण विचारलं नाही कुणी. मला तो माणूस त्या दिवशी पहिल्यांदा आवडला, खरं सांगते.

चार नंबरचा फॉर्म म्हणजे बाहेरच्यांची साक्ष. एक तीमथ्य तीन सातमध्ये आहेच की बाहेरच्या लोकांत त्याचं नाव चांगलं असावं. आम्ही हे वचन वाचायचो आणि पुढे जायचो, बाहेरच्यांना विचारायला कधी कोण गेलं? फॉर्म सांगतो की मंडळीत नसलेल्या तीन माणसांना भेटा, एक शेजारी, एक कामावरचा, एक ज्याच्याशी पैशाचा व्यवहार आहे असा. उमेदवाराची लेखी परवानगी आधी घ्यायची, हे चांगलं आहे. मी आणि एक काका असे फिरलो. एका उमेदवारांच्या सोसायटीत वॉचमनला विचारलं तर तो म्हणाला, कोण, ते पार्किंगवाले? चर्चला जातात होय, मला वाटलं रविवारी कुठे लग्नाला निघतात टाय लावून. बारा वर्षं राहतायत तिथे. वाईट काही बोलला नाही बरं का, पण "पार्किंगवाले" म्हणताना जी मान हलवली ती फॉर्मवर कुठल्या रकान्यात लिहायची ते आम्हाला कळेना.

दुसरे उमेदवार रिक्षा चालवतात, भक्तीत मागच्या बाकावर बसतात, पुढे येऊन प्रार्थना करा म्हटलं तर घाम फुटतो. त्यांचा किराणा एका मारवाडी दुकानातून. दुकानदाराला आधी वाटलं आम्ही बँकेची माणसं, मग समजावल्यावर त्याने उधारीची वहीच काढली. पान दाखवलं नाही, ते बरोबरच आहे, नुसती वही थोपटली आणि म्हणाला, यांना फोन करावा लागत नाही, दहा तारखेला येतात, कमी पडले तर तसं सांगतात, गायब होत नाहीत. "कमी पडले तर तसं सांगतात" हे वाक्य काकांनी फॉर्मवर जसंच्या तसं उतरवलं, आणि परत येताना दोघंही गप्प. ते यंदा वडील आहेत. अजून मागच्याच बाकावर बसतात.

या फॉर्मचा त्रासही आहे. किट म्हणतं भरलेले फॉर्म कुलूपबंद कपाटात ठेवा. आमच्या कपाटाची एक किल्ली खजिनदारांकडे आणि ते स्वतः उमेदवार. शेवटी फाइल पाळकबाईंच्या धान्याच्या डब्याशेजारी राहिली आणि निवडीनंतर जाळली. छोट्या मंडळीत अक्षरावरून माणूस ओळखतात, त्यामुळे घरी बसून टाइप केलेलं बरं. आणि दहा फॉर्म कुणाला पुरतात? खाली "कॉपी करू नये" छापलंय, फोन केला तर तो माणूस म्हणाला अहो झेरॉक्स काढा की, आम्ही काय पोलिस आहोत का. मग छापता कशाला बाबा.

शेवटची निवड कशी करायची यावर पुस्तक म्हणतं मतदान नकोच, एकमत होईपर्यंत प्रार्थना. आमच्याकडे एकमत म्हणजे सगळ्यात मोठ्या आवाजाचं मत, म्हणून आम्ही गुप्त चिठ्ठीने मतदान घेतलं. एक आजोबा दर वेळी म्हणतात यहूदाच्या जागी मत्थियाला निवडलं तशा चिठ्ठ्या टाका आणि दर वेळी सगळे हसतात. या वेळी मी त्यांना सांगितलं की इजिप्तच्या कॉप्टिक चर्चमध्ये खरंच असं करतात, २०१२ ला तीन नावं काचेच्या पात्रात ठेवून डोळे बांधलेल्या लहान मुलाकडून एक काढलं आणि तेच त्यांचे पोप झाले, तावाद्रोस दुसरे. आजोबा एवढे खूश झाले की आता पुढच्या वेळी माझीच खैर नाही. पण तिथेही ती तीन नावं आधी चाळून, मतं घेऊन आलेली असतात, हे त्यांना सांगितलं तर ऐकू आलं नाही.

तर घ्यावं का? एकट्या मंडळीने नको. आसपासच्या तीन-चार मंडळ्यांनी मिळून एक घ्या, पुस्तक कपाटात ठेवा, पत्रकांतली वचनं आणि तीन-चार नंबरचे फॉर्म वापरा, आणि फॉर्म आधी कुणा मराठी शिकवणाऱ्या बाईंकडून नीट करून घ्या. माझ्याकडून पाचपैकी तीन, त्यातले अडीच चार नंबरच्या फॉर्मचे. पेनड्राइव्ह बत्तीस जीबीचा आहे, व्हिडिओ उडवून संडे स्कूलच्या पोरांनी त्यात नाताळची गाणी भरलीत.