जोन्सांचा मफलर: कापडाला पाच, कार्डाला शून्य

आधी खरेदी सांगतो. लोकरीचा एक मफलर, चौकडीचा, ४२ पौंड. दुकान वेल्सच्या राजधानीत, कार्डिफमध्ये, काचेच्या छताखालच्या जुन्या बाजारगल्ल्यांपैकी एकीत. नाव लिहीत नाही. पुढे थोडी तक्रार आहे आणि मुलीला त्याच गावात राहायचंय.

मी सोलापुरात चादरीच्या कारखान्यात ३१ वर्षं काढली, शेवटची अकरा मास्तर म्हणून. कापड हातात आलं की आधी उलटं करून बघायचं, ही खोड जात नाही. जावई वेल्श, आडनाव जोन्स. लग्न सोलापुरात डिसेंबरात झालं तेव्हा त्यानं किल्ट, म्हणजे तिकडच्या पुरुषांचा निऱ्यांचा चौकडीचा घागरा, घातला होता. माझ्या थोरल्या बहिणीनं सगळ्यांदेखत विचारलं, "किती वार आहे हो जावईबापू?" तो म्हणाला, आठ. "मग आमच्यापेक्षा एक वार कमीच," असं म्हणून तिनं नऊवारीचा पदर खोचला आणि त्या विषयावर पडदा पडला.

तो किल्ट याच दुकानातला. मी तेव्हाच मागच्या निऱ्या पाहून ठेवल्या होत्या. चांगल्या किल्टच्या निऱ्या अशा घालतात की कापड दुमडलं तरी चौकडी मोडत नाही, मागून पाहिलं तर अख्खं कापड सपाट पसरल्यासारखं दिसतं. हे काम हातानं करतात आणि फार चिकाटीचं आहे. इथे डावीकडून सातव्या निरीत उजळ रेघ दोन सूत खाली घसरली होती. लग्नात बोललो नाही. मध्यंतरी नात बघायला कार्डिफला गेलो तेव्हा जावयाला म्हटलं, चल, दाखवून येऊ.

दुकानदारानं निरी बघितली, चष्मा वर केला, पुन्हा बघितली आणि वाद न घालता किल्ट ठेवून घेतला. पैसे घेतले नाहीत. हे पाच गुण. आठवड्यात देतो म्हणाला आणि तीन आठवडे लावले, मधे दोनदा फोन आपणच करायचा. त्याचे दोन कापले. पण निरी आता अशी बसली आहे की मला स्वतःला सातवी कुठली ते मोजून शोधावं लागलं.

किल्ट टाकायला गेलो तेव्हाच मफलर घेतला. तिथे आडनावांप्रमाणे कप्पे आहेत: जोन्स, डेव्हिस, विल्यम्स, इव्हान्स, थॉमस, पुढे प्राइस, पॉवेल, प्यू. प्रत्येकाची चौकडी वेगळी. माझ्या खिशात पिक ग्लास (धागे मोजायचं भिंग) असतोच. काउंटरवरच्या मुलीला आधी वाटलं मी हिरे तपासतोय.

कापडाबद्दल खरं सांगतो, उत्तम आहे. दोन वर दोन खाली असं साधं ट्विल, तिरकी रेघ शेवटपर्यंत एका कोनात. टार्टनची, म्हणजे या चौकडीच्या कापडाची, गंमत अशी की ताण्यात (उभ्या धाग्यांत) रंगांचा जो क्रम तोच बाण्यात (आडव्या धाग्यांत). त्यामुळे रंग चारच असले तरी डोळ्याला दहा दिसतात: जिथे रंग स्वतःलाच छेदतो तिथे चार शुद्ध, आणि एकमेकांना छेदतात तिथे सहा मिश्र. पण हे जमायला ठोक सारखा लागतो. बाण्याचा ठोक जरा सैल झाला की चौरसाचा आयत होतो. आमच्याकडे रात्रपाळीत हे हमखास व्हायचं. मी पट्टी लावली. उभं अकरा सेंटीमीटर, आडवं अकरा. दशांना पीळ घट्ट, एकही सुटलेली नाही. घरी एक धागा ओढून सिंकमध्ये जाळून पाहिला. केस जळाल्याचा वास, ज्योत आपोआप विझली, राख बोटात चुरली. लोकरच. मुलगी म्हणाली, "बाबा, बेचाळीस पौंडांचा मफलर जाळताय?" एकच धागा होता.

आता कार्ड. मफलरसोबत पिशवीत एक जाड, कडेला सोनेरी रेघ असलेलं कार्ड येतं. त्यावर ढालीचं चित्र, म्हणजे मानचिन्ह, आणि मजकूर असा की जोन्स घराण्याच्या प्राचीन वारशाचं हे वस्त्र तुम्ही पिढ्यान्‌पिढ्या मिरवा. इथे माझा आणि दुकानाचा मतभेद आहे.

व्याह्यांनी मला हा विषय चहाच्या दोन किटल्यांत समजावला. ते स्वतः जोन्स, निवृत्त गणित शिक्षक. वेल्समध्ये पूर्वी आडनावच नव्हतं. ‘ॲप’ म्हणजे मुलगा. अमुक ॲप तमुक ॲप ढमुक अशी बापाची, आज्याची नावं जोडत जायची. सोळाव्या शतकात, १५३६ आणि १५४२च्या कायद्यांनी वेल्स इंग्लंडच्या राज्यकारभारात जोडला गेला, कागदपत्रं इंग्रजी पद्धतीची झाली, आणि हळूहळू ज्याच्या बापाचं जे नाव होतं तेच आडनाव म्हणून गोठलं. ॲप ह्रीसचा झाला प्राइस, ॲप हवेलचा पॉवेल, ॲप ह्यूचा प्यू. आणि ज्यांचा बाप जॉन, ते जोन्स. गंमत म्हणजे जुन्या वेल्श वर्णमालेत ‘जे’ हे अक्षरच नाही, आणि देशातलं सगळ्यात जास्त लोकांचं आडनाव त्याच अक्षरानं सुरू होतं.

मला हे लगेच कळलं, कारण आपणही मधे बापाचं नाव लावतोच. आपल्याकडे कुणी साहेबानं मधलंच नाव आडनाव म्हणून लिहून घेतलं असतं, तर निम्मं सोलापूर आज सिद्राम आडनावाचं असतं, उरलेलं मल्लिकार्जुन. आणि मग कुणी तरी सिद्रामांची खास चादर काढून विकली असती. पण सगळे सिद्राम एकमेकांचे भाऊबंद थोडेच?

तेच जोन्सांचं. शेजारच्या दोन जोन्सांचं रक्ताचं नातं असेलच असं नाही. गावात इतके जोन्स की ओळखायला धंदा जोडायचा: दूधवाला जोन्स, पाववाला जोन्स. व्याह्यांच्या वडिलांना गावात ‘पोस्ट जोन्स’ म्हणत. २००६ साली कार्डिफच्या मिलेनियम सेंटरमध्ये हजाराहून जास्त जोन्स एका छताखाली जमवून विक्रम केला होता. त्यातले किती चुलत निघाले असतील, देव जाणे.

व्याह्यांचा लाडका जोन्स मात्र एकच, अँगलसी बेटावरचा विल्यम जोन्स. वर्तुळाच्या गुणोत्तरासाठी ‘पाय’ हे चिन्ह त्यानं १७०६ मध्ये वापरलं. त्याच्या बापाचं नाव शोन, म्हणजे वेल्श जॉन. म्हणून पोरगा जोन्स. ह्या विल्यमचा मुलगाही विल्यम, तो कलकत्त्याला न्यायाधीश म्हणून आला, १७८४ मध्ये एशियाटिक सोसायटी काढली आणि शाकुंतल इंग्रजीत नेलं. दोघांनीही आयुष्यात जोन्सांची चौकडी पाहिलेली नाही. पाहणार कुठून? आडनावांचे वेल्श टार्टन बाजारात आले ते या शतकाच्या तोंडावर.

ढालीचंही तेच. तिकडे मानचिन्ह एका माणसाला आणि त्याच्या वंशजांना मिळतं, आडनावाला नाही. सगळ्या जोन्सांना एक ढाल वाटणं म्हणजे सगळ्या पाटलांना एकच सातबारा देण्यासारखं.

स्कॉटलंडवाले यावर हसतील तर हसू नये. त्यांचा डोंगरी पोशाख १७४६च्या कायद्यानं बंद केला होता, बंदी उठली १७८२ मध्ये. अमक्या कुळाची अमकीच चौकडी हा शिरस्ता पक्का झाला तो मुख्यतः १८२२ मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिंबराला येऊन गेल्यानंतर. त्यांचं कार्डही आपल्याला वाटतं तितकं जुनं नाही, वेल्शांपेक्षा जवळजवळ दोनशे वर्षांनी सीनियर इतकंच.

मला राग येतो तो एवढ्यासाठी की खोटं सांगायची गरजच नाही. वेल्समध्ये लोकरीचं काम खरोखर जुनं आहे. कार्मार्थनशर परगण्यातल्या ड्रे-फाख फेलिन्ड्रे नावाच्या खेड्यात जुन्या केंब्रियन मिल्सच्या इमारतीत राष्ट्रीय लोकर संग्रहालय आहे, तिकीट नाही. जावयानं नेलं होतं. यंत्राच्या तेलाचा वास आला आणि मी दारातच थांबलो. तो वास कार्मार्थनशरमध्येही तोच. या भागातल्या फ्लॅनेलचे सदरे खाणकामगार घालायचे. बायकांच्या शालींवर, एप्रनांवर चौकडा होताच. चौकडा होता, त्यावर आडनाव नव्हतं.

काउंटरवरच्या त्या मुलीला मी विचारलं, ही चौकडी किती जुनी? तिनं मालक आत आहे का ते बघितलं आणि हळूच म्हणाली, "माझ्याएवढी असेल." कॉलेजातली पोर. तिनंच शब्द शिकवला: टार्टनला वेल्शमध्ये ‘ब्रिथ्वे’. ब्रिथ म्हणजे ठिपक्याठिपक्यांचं, चित्रविचित्र. विहीणबाई चहाबरोबर मनुका घातलेला जो ‘बारा ब्रिथ’ पाव देतात, त्यातलाच तो ब्रिथ. कार्डावर ही एवढी ओळ छापली असती तर मी पूर्ण गुण दिले असते.

मफलर एक मार्चला, सेंट डेव्हिडच्या दिवशी, घालून फिरलो. एका म्हाताऱ्यानं बसमध्ये "तुम्हीही जोन्स का?" विचारलं. म्हटलं, जावयाकडून.

घ्यायचा असेल तर जरूर घ्या, लोकर धुताना पाणी गार ठेवा. कार्ड नको म्हटलं तर किंमत कमी होत नाही, मी विचारून पाहिलं.